कोकणातले मंद इंटरनेट : दोष फक्त डोंगरांचा नाही

कोकणात डोंगर फार आणि वाड्या विखुरलेल्या, त्यामुळे इंटरनेट मंद आणि महाग असणारच, हे मत मला अर्धेच पटते. डोंगरांमुळे फायबर (इंटरनेट वाहून आणणारी काचतंतूंची केबल) टाकण्याचा खर्च वाढतो हे खरे. पण एकदा टाकलेल्या फायबरचा वेग डोंगरामुळे कमी होत नाही. गुहागरजवळच्या आमच्या वाडीत ही तार विजेच्या खांबांवरून, माडांमधून लोंबकळत येते. पावसात एखादी झावळ पडली की ती तुटते आणि जोडणारा माणूस चिपळूणहून येईपर्यंत आठवडा सरतो. बिल मात्र पूर्ण महिन्याचे, वर १८ टक्के जीएसटी. (बंद दिवसांची वजावट मागितली की ‘सिस्टीममध्ये तशी सोय नाही’ हे उत्तर ठरलेले.) गणपतीला चाकरमानी आले की जोडण्या तेवढ्याच राहतात, वापर मात्र कितीतरी वाढतो, आणि पुरवठादाराने वरच्या कंपनीकडून तेवढी वाढीव क्षमताच घेतलेली नसल्याने रात्री साधा व्हिडिओ कॉलही अडखळतो.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडचा किमान वेग सेकंदाला ५१२ किलोबिटवरून (केबीपीएस) २ मेगाबिट (एमबीपीएस) केला. म्हणजे १०० एमबीपीएसचे पैसे घेऊन ३ दिले तरी व्याख्येप्रमाणे ते ब्रॉडबँडच! तक्रारीपूर्वी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजावा, कारण जांभ्याच्या जाड भिंतींतून वायफाय क्षीण होते आणि कंपनी प्रथम तिकडेच बोट दाखवते. तक्रार क्रमांक घेऊनही दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही.