मदत हवी आहे: एसचा घनच का? वर्गानं का भागत नाही?

गोदाकाठ_नांदेड: उद्या साडेदहाला सेमिनार आहे, लवकर सांगा. एस आणि टी हे बॅनाख लॅटिसवरचे (नॉर्म आणि क्रम दोन्ही असलेल्या पूर्ण स्पेसवरचे) रेषीय ऑपरेटर, ० ≤ एस ≤ टी (म्हणजे धन क्ष साठी ० ≤ एस क्ष ≤ टी क्ष) आणि टी कॉम्पॅक्ट (युनिट बॉलमधल्या सीक्वेन्सच्या प्रतिमांत कन्व्हर्ज होणारा उपसीक्वेन्स सापडतो), तर एसचा घन, म्हणजे एस तीनदा लावलेला, कॉम्पॅक्ट, असं प्रमेय आहे. दोन दिवसांपासून उदाहरणं करून बघायलो, दर वेळी एस स्वतःच कॉम्पॅक्ट निघायला. मग घन कशाला? छपाईची चूक आहे का?

परभणीकर: स्पेस कोणती घेतली? एस एका स्पेस ई वरून दुसऱ्या स्पेस एफ मध्ये जातो की ई वरून ई मध्येच?

गोदाकाठ_नांदेड: घन काढायचाय म्हणजे ई वरून ई मध्येच ना दादा. उदाहरणं सगळी एल-२ (वर्ग-इंटिग्रेबल फलनांची स्पेस) वरची.

जालना_अ‍ॅनालिसिस: टीला फायनाइट रँक (ज्यांच्या प्रतिमा सांत मितीत मावतात अशा) ऑपरेटरांनी गाठा, त्यांच्याखाली एसही गाठता येईल. वर्ग-घन लागणारच नाही.

परभणीकर: नाही. टीची रँक १ असली तरी एस बिघडतो. एल-१ [०,१] (इंटिग्रेबल फलनं) वरून छोट्या एल-इन्फिनिटीत (सीमित सीक्वेन्सच्या स्पेसमध्ये) जा. आर-एन ही राडेमाखर फलनं (किंमत ±१, एकमेकांना ऑर्थोगोनल), पी-एन = (१ + आर-एन)/२, म्हणजे किंमत ० किंवा १. एस फ चा एन-वा घटक ∫ फ·पी-एन, टी फ चा प्रत्येक घटक ∫ फ. ० ≤ एस ≤ टी उघड आहे. पण एस(आर-एन) म्हणजे एन-व्या एकक सदिशाचा निम्मा. आर-एनचा नॉर्म १, प्रतिमांमधलं अंतर १/२. उपसीक्वेन्स कुठून कन्व्हर्ज होणार?

जालना_अ‍ॅनालिसिस: रँकचा मुद्दा सोडला. पण हे ई वरून एफ मध्ये झालं. विचारलंय ई वरून ई.



बीड_लॅटिस: छपाईची चूक नाही, आलिप्रांतिस-बर्किन्शॉ (१९८०) यांचं प्रमेय घनाचंच आहे. ई = छोटा एल-१ (निरपेक्ष बेरीज सांत असलेले सीक्वेन्स) ⊕ एल-२ [०,१] ⊕ छोटा एल-इन्फिनिटी घ्या. एस-१ एन-व्या एकक सदिशाला पी-एन वर नेतो, एस-२ म्हणजे परभणीकरांचाच एस, फक्त एल-२ वरून. एस(क्ष, फ, य) = (०, एस-१ क्ष, एस-२ फ). टीसाठी सगळीकडे पी-एनच्या जागी १ ठेवा, रँक २ येते. आता वर्ग: ∫ पी-एन·पी-एम हे एन ≠ एम असताना १/४, सारखे असताना १/२. म्हणून दोन एकक सदिशांच्या प्रतिमांत नेहमी १/४ अंतर राहतं. वर्ग कॉम्पॅक्ट नाही, घन मात्र शून्य.

एल-२ वर हे कधीच सापडणार नाही. तिथं ई आणि ड्युअल (ई वरच्या कंटिन्युअस रेषीय फंक्शनलांची स्पेस) दोन्हींचा नॉर्म ऑर्डर कंटिन्युअस आहे (सदिश क्रमानं शून्यापर्यंत उतरले की त्यांचा नॉर्मही शून्याकडे जातो), आणि डॉड्स-फ्रेमलिन (१९७९) प्रमाणे एस स्वतःच कॉम्पॅक्ट होतो.

धाराशिव_०७: वीकली कॉम्पॅक्ट (वीक कन्व्हर्जन्सच्या अर्थानं कॉम्पॅक्ट) टी असेल तर एसचा वर्ग नेहमीच वीकली कॉम्पॅक्ट असतो, हेही लिहा.

गोदाकाठ_नांदेड: ते नको, वेळ नाही. ई आणि ड्युअल या दोन्हींपैकी एकच ऑर्डर कंटिन्युअस असेल तर?

बीड_लॅटिस: वर्ग पुरतो. ई ऑर्डर कंटिन्युअस धरा. युनिट बॉलमधला धन क्ष घ्या. टीच्या प्रतिमा प्रत्येक एप्सिलॉनला सांत जाळ्यात मावतात, म्हणून एस क्ष ≤ टी क्ष वरून एकच यू मिळतो आणि एस क्ष हा [०, यू] (० आणि यू यांच्यामधले सदिश) पासून एप्सिलॉनच्या आत राहतो. पुन्हा एस लावा. एस[०, यू] रिलेटिव्हली कॉम्पॅक्ट (क्लोजर कॉम्पॅक्ट) आहे, कारण ऑर्डर कंटिन्युअस ई वर टीचा हा गुण एसकडे उतरतो. डॉड्स-फ्रेमलिनचा खरा अवघड भाग हाच, फळ्यावर इथं थांबून सांगा. ड्युअल ऑर्डर कंटिन्युअस असेल तर हेच अ‍ॅडजॉइंटवर करा आणि शाउडरच्या प्रमेयानं (ऑपरेटर कॉम्पॅक्ट असतो तेव्हा आणि तेव्हाच ड्युअलवरचा त्याचा जोड ऑपरेटर कॉम्पॅक्ट असतो) परत या.

गोदाकाठ_नांदेड: १/४ चा हिशोब करून बघितला, जुळला. एल-इन्फिनिटीमुळं ई ऑर्डर कंटिन्युअस राहत नाही अन् एल-१ मुळं ड्युअल, बरोबर ना?

बीड_लॅटिस: बरोबर.