'एन्डाउमेंट' : देणगी, ठेव की अक्षयनिधी?

प्रश्न

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं अर्थसाहाय्याचं पत्र मराठीत करायचं आहे. वाचणार आहेत मुलीचे आजी-आजोबा. नातीची फी कोण भरतंय आणि का, एवढं त्यांना नीट समजावं अशी इच्छा आहे. पत्रात म्हटलंय की ही मदत विद्यापीठाच्या 'एन्डाउमेंट'मधून दिली जाते. 'देणगीनिधी' लिहिलं तर चालेल का? 'धर्मादाय निधी' असाही पर्याय सुचवला गेला आहे.

प्रतिसाद

'धर्मादाय' नकोच. आपल्याकडे धर्मादाय म्हटलं की धर्मादाय आयुक्त, देवस्थानं आणि रुग्णालयातल्या गरिबांसाठी राखीव खाटा डोळ्यांपुढे येतात. आजोबांना वाटेल नात गरीब म्हणून कुणी दया केली.

'देणगी'ची अडचण वेगळी आहे. देणगी खर्च होते, पूरग्रस्तांना दिलेली तर लगेचच व्हायला हवी. इथे मुद्दलाला हात लावायचा नाही, ही मूळ अट आहे. त्यासाठी मराठीत रोजच्या वापरातला शब्द आहे : ठेव. शाळेच्या बक्षीस समारंभात दरवर्षी ऐकू येतं, 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या ठेवीच्या व्याजातून, संस्कृतात प्रथम आल्याबद्दल…' तेच हे. 'कायम ठेव' लिहा, आजी-आजोबांना फोड करून सांगावी लागणार नाही.

दुसरा प्रतिसाद

'ठेव' कळायला सोपा आहे, पण मी 'अक्षयनिधी' लिहीन. ही कल्पना नवी नाही, महाराष्ट्रातल्या दगडावर कोरलेली आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात प्राकृतात 'अखयनिवि' असा शब्द येतो, म्हणजे संस्कृतातली 'अक्षयनीवी' (नीवी म्हणजे मुद्दल). त्याने ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. एकीकडे २,०००, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. ही रक्कम परत द्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं, असं लेखातच स्पष्ट केलं आहे.

हिशेब करून बघण्यासारखा आहे. २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात एका जागी, राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ द्यायचे, म्हणजे बरोबर २४०. मुद्दल कुणाकडे, दर काय, लाभार्थी किती, खर्च कशावर, सगळं ठरवून दिलेलं. आजचं विद्यापीठ दात्याशी करार करताना याच गोष्टी लिहून घेतं.

प्रश्नकर्ती

शिलालेखाबद्दल फार आभार, हे ठाऊकच नव्हतं. पण मग हार्वर्डची ती अवाढव्य रक्कम म्हणजे शाळेतल्या ठेवीचंच मोठं रूप का? आणि एवढी रक्कम असताना फी घेतातच कशाला, हे आजोबा नक्की विचारणार.

दुसरा प्रतिसाद देणारे

जात तीच, पण एक मोठा फरक आहे आणि तो आजोबांना सांगायलाच हवा. वरच्या हिशेबात २४० आले आणि २४० गेले, शिल्लक शून्य. शाळेतल्या ठेवींचं तेच होतं. समजा १९७५ साली कुणी हजार रुपये ठेवले. सात टक्क्यांनी आजही ७० रुपयेच हातात पडतात. तेव्हा त्यात पहिल्या आलेल्या मुलीची वर्षाची पुस्तकं आली असती, आज दोन वह्या येतात. मुद्दल शाबूत आहे, मोल मात्र झिजलं. अशा कितीतरी ठेवींची बक्षिसं आता केवळ नावापुरती उरली आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांनी पोटाला चिमटा काढून ते पैसे ठेवले त्यांची इच्छा ही नव्हती.

अमेरिकेतली मोठी विद्यापीठं म्हणून सगळं उत्पन्न खर्च करत नाहीत. पैसा समभाग, रोखे, खासगी कंपन्यांतली भागीदारी, जमीनजुमला अशा ठिकाणी गुंतवतात. हार्वर्डने त्यासाठी १९७४ मध्ये स्वतःची वेगळी कंपनी काढली. येलमध्ये डेव्हिड स्वेन्सन यांनी १९८५ पासून २०२१ मध्ये निधन होईपर्यंत हेच काम केलं आणि त्यांची पद्धत इतर अनेक विद्यापीठांनी उचलली. दरवर्षी निधीच्या साधारण पाच टक्के काढायचे आणि बाकीची वाढ मुद्दलात मुरवायची, म्हणजे महागाई मुद्दल खात नाही.

आणि ते पाच टक्केही बाजाराच्या लहरीवर सोडत नाहीत. येलच्या सूत्रात ८० टक्के वजन गेल्या वर्षीच्या खर्चाला (महागाई धरून) आणि २० टक्के निधीच्या किमतीला असतं. २००८-०९ च्या मंदीत हार्वर्डला गुंतवणुकीवर २७ टक्क्यांहून अधिक तोटा झाला होता. असा फटका एकदम खर्चात उतरू नये, यासाठीच ही सूत्रं असतात. काटकसर तेव्हाही करावी लागली, पण शिकत असलेल्या मुलांची मदत मध्येच तोडायची वेळ येऊ नये हा त्यामागचा विचार आहे.

आता फीबद्दल. जून २०२४ अखेर हार्वर्डचा निधी सुमारे ५,३२० कोटी डॉलर होता आणि त्या वर्षी त्यातून सुमारे २४० कोटी डॉलर वापरले गेले. विद्यापीठाच्या वर्षाच्या उत्पन्नाचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग यातून आला, उरलेला फी, संशोधन अनुदानं, चालू देणग्या यांतून. शिवाय हा एक हंडा नाही. १४,००० हून अधिक वेगवेगळे निधी आहेत आणि बहुतेकांवर दात्याची अट आहे : हा ग्रंथालयाला, तो कर्करोग संशोधनाला, अमका गरजू विद्यार्थ्यांना. ग्रंथालयाचे पैसे शिष्यवृत्तीकडे वळवता येत नाहीत. म्हणून 'अक्षयनिधी' एकवचनात लिहिलात तरी कंसात 'अनेक दात्यांच्या ठेवी मिळून' एवढं घाला.

तिसरा प्रतिसाद

पत्रातली मदत अनुदान आहे की कर्ज, तेही पाहून घ्या. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने २००१ मध्ये अर्थसाहाय्यातून कर्ज काढून टाकलं आणि त्याऐवजी परत न करायची रक्कम द्यायला सुरुवात केली. सगळीकडे तसं नाही. आपल्या मुंबईतलं जे. एन. टाटा एन्डाउमेंट (१८९२) कर्जाऊ शिष्यवृत्ती देतं. जयंत नारळीकर त्याच शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले. परतफेड झालेला पैसा पुढच्या मुलांच्या कामी येतो. अक्षय राखण्याची हीही एक रीत, आणि मला ती आवडते.

जाता जाता : रानडे आणि भांडारकर 'दक्षिणा फेलो' (दक्षिणेच्या पैशातून वेतन मिळणारे) होते, त्या दक्षिणेला मात्र अक्षयनिधी म्हणू नये. पेशव्यांची दक्षिणा वर्षाला वाटायची, पुढे इंग्रज सरकारनेही ती वार्षिक रक्कम म्हणूनच शिक्षणाकडे वळवली. ते वर्षासन. देणाऱ्याचा हात आखडला की ते आटतं.

प्रश्नकर्ती

'अक्षयनिधी (अनेक दात्यांच्या कायम ठेवी)' असं लिहिते. मदत अनुदानच आहे, पाहिलं. शेवटची शंका, 'एन्डाउड चेअर'ला काय म्हणू?

प्रतिसाद

'अध्यासन' (विद्यापीठातलं प्राध्यापकाचं खास पद) रूढ आहे. निधीवर चालणारं असेल तर 'अक्षयनिधीतून चालणारं अध्यासन'. १५०२ मध्ये लेडी मार्गारेट यांनी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला स्थापलेली अध्यासनं याच प्रकारची. ज्या अध्यासनाचा पगार दरवर्षीच्या सरकारी अनुदानावर अवलंबून आहे, त्याला नुसतं 'अध्यासन' म्हणावं.