दुचाकीवर थोडक्यात बचावलात? नेमकं काय झालं ते लिहा

कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले तिथे गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐनवेळी लागतच नाहीत. परवा आरशात मागचा ट्रक जरा जास्तच जोरात मोठा होताना दिसला. मी स्कूटर कडेला घेतली आणि तो हॉर्न दाबून तसाच पुढे गेला. घरी आल्यावरही हात थरथरत होते. तुमच्यावर असा प्रसंग आला असेल तर लिहा. कुणाला तरी उपयोग होईल.

सांगलीहून
आमच्याकडे कारखान्यांचा हंगाम म्हणजे रात्रीचा धोका. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस बाजूला हातभर बाहेर. समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यांवर आला आणि मला पुढचं काही दिसेना. ट्रॉली दिसायच्या आधी उसाची टोकं हेल्मेटच्या काचेवर खरवडली. त्या दिवसापासून समोरून लाइट आला की मी आधी वेग पाडतो आणि नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवतो. कारखान्यांनी प्रत्येक ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ऊस आत घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

ठाण्याहून
पहिला पाऊस. रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येऊन नुसता साबण होतो. वळणावर पुढचा ब्रेक दाबला आणि आडवा झालो. आता वळायच्या आधीच, गाडी सरळ असताना वेग कमी करतो. पाणी साचलेलं दिसलं की खाली खड्डा आहे असंच धरून चालतो.

नाशिकहून
सासूबाई मागे एका बाजूला बसल्या होत्या. पदर चाकाकडे गेलेला मला दिसलाच नाही. शेजारून जाणाऱ्या मुलाने ओरडून थांबवलं, तोवर काठाचा एक पीळ साखळीत गेला होता. साडी गार्ड शोभेसाठी काढून टाकलेलं, तेही आम्हीच. दुसऱ्या दिवशी बसवून घेतलं. त्या आता पदर कमरेला खोचल्याशिवाय गाडीवर बसत नाहीत.

पुण्याहून, सायकलवर
उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं आणि मी त्यावरून पलीकडे. कॉलरबोन मोडलं. आता उभ्या गाड्यांपासून दाराएवढं अंतर ठेवूनच चालवतो, मागून कितीही हॉर्न वाजले तरी.

उत्रेख्तहून, वरच्या अनुभवावर
इथे नेदरलँड्समध्ये गाडीचं दार लांबच्या हाताने उघडायला शिकवतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे त्याने डाव्या हाताने उघडायचं. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. सुट्टीत आल्यावर घरच्या सगळ्यांना ही सवय लावली.

कोल्हापूरहून
माझा भाऊ हेल्मेट घालायचा, पट्टा मात्र लावत नसे. कुत्रं आडवं आलं, तो पडला. हेल्मेट आधीच उडून गेलं होतं आणि त्याच्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. भाऊ तीन आठवडे आयसीयूत होता. आता बरा आहे, पण नावं आठवायला वेळ लागतो. आई रोज दारात उभी राहते, आणि पट्ट्याचा 'टक्' ऐकू आल्याशिवाय आम्हा कुणाला किल्ली देत नाही.