बोटामागं डोळे फिरवून पुराची भीती जाते का?

पंचगंगाकाठचा:
मंडळी, हसू नका. मी प्रयाग चिखलीचा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. २०१९ च्या ऑगस्टात बोटीतनं बाहेर पडलो. आईला उचलून आणलं, पण गोठ्यातल्या म्हशीचं दावं सोडायचं राहिलं. बोट लांब जाईस्तोवर तिचं हंबरणं ऐकू येत होतं. म्हैस गेली. भरपाईचं काय झालं ते सोडा, तो वेगळा विषय.

आता पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की मी उठून मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. इशारा ३९ फूट, धोका ४३, पाठ आहे सगळं. पातळी १८ असली तरी झोप येत नाही. बायको म्हणते, जून लागला की तुम्ही घरात असून नसल्यासारखे. डॉक्टरांनी ईएमडीआर सुचवलंय, आघाताच्या आठवणींवरचा एक मानसोपचार. उपचार करणारे हाताचं बोट हलवणार, आपण नजरेनं मागं जायचं म्हणे. तालमीतली पोरं म्हणतात, मांत्रिकच की हा, फक्त पावती देणारा. कुणी केलंय का?

घाटउतार:
दादा, मी केलंय. गगनबावड्याच्या रस्त्यावर टेम्पोनं माझी गाडी उडवली. मागं बसलेल्या मैत्रिणीचा पाय कायमचा अधू झाला. पुढं दीड वर्ष नुसता डिझेलचा वास आला तरी मला घाम फुटायचा.

पहिल्या दिवशी बोटबिट काही नसतं. दोन भेटी माहिती विचारण्यात गेल्या, आणि घाबरायला झालं तर मनानं कुठं जाऊन बसायचं ते ठरवण्यात. मी रंकाळ्याचा कट्टा धरला, भेळेच्या वासासकट. तिसऱ्या वेळी मॅडमनी विचारलं, सगळ्यात वाईट क्षण कुठला, तेव्हा स्वतःबद्दल काय वाटतं, आणि त्रास ० ते १० मध्ये किती? मी ९ म्हटलं. मग तो क्षण मनात धरून त्यांच्या बोटांमागं नजर, डावीकडं-उजवीकडं, अर्धा मिनिट. थांबायचं, श्वास घ्यायचा. "आता काय आलं?" एवढंच विचारतात. उपदेश नाही. सगळी हकिगत सांगत बसायचीही गरज नाही. मला आधी काचा दिसल्या, मग एकदम मैत्रिणीची चप्पल, रस्त्यात उलटी पडलेली. ती मी विसरलेच होते. धाय मोकलून रडले.

त्या रात्री जेवण गेलं नाही, दोन दिवस कसलीतरी स्वप्नं पडली. हे आधीच सांगते, नाहीतर घाबरून मधेच सोडाल. सातव्या बैठकीला आकडा २ वर आला. अपघात आठवतो अजून, पण "माझ्यामुळं झालं" याच्या जागी आता "टेम्पो उलट्या बाजूनं आला" हे आधी येतं.

तांबडापांढरा:
मांत्रिक नाही, पण बोटात जादूही नाही. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन बाईंना १९८७ साली बागेत फिरताना हे सुचलं, १९८९ ला त्यांचा पहिला अभ्यास छापून आला. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आघातानंतरच्या त्रासासाठी या पद्धतीची शिफारस केली. भांडण आहे ते वेगळ्यावर: गुण डोळे फिरवण्याचा, की आठवणीला पुन्हा सामोरं जाण्याचा? एक म्हणणं असं की आठवण धरायची आणि बोटही बघायचं, या ओढाताणीत आठवणीचं चित्र फिकं पडतं. काही जण तळहातावर टिचक्या मारूनही करतात.

यूट्यूबवरचा हलता ठिपका बघून घरी मात्र करू नका, भावा. फिट येत असेल, डोळ्यांचं काही असेल तर आधी सांगा. आणि रात्री फारच झालं तर १४४१६, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलतात.

पंचगंगाकाठचा:
ताई, चप्पल वाचली आणि थांबलो. मला दाव्याची गाठ दिसायला लागली. पाण्यानं फुगलेली, बोटं नुसती घसरतायत. म्हणजे मी सोडायला गेलो होतो की काय? इतकी वर्षं तर "सोडलंच नाही" म्हणून बसलोय.

घाटउतार:
दादा, ते इथं उकलत बसू नका. खरं का खोटं हेही आत्ता ठरवू नका. गाठ तशीच घेऊन जा तिकडं.

पंचगंगाकाठचा:
मंगळवारची वेळ घेतली. बायको येतेय सोबत. बंधारा आत्ता २१ फूट. बघितलं, व्हय.