वसाहतीची राखण वसाहतीनेच करावी, यासाठी कार्यकर्त्याने नेमके काय करावे?

प्रश्न : तळोदा परिसरातील कार्यकर्ती

नमस्कार. सरदार सरोवरामुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांच्या तळोदा तालुक्यातील एका वसाहतीत मी गेली चार वर्षे काम करते आहे. वसाहतीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही कुटुंबांच्या घरगुती गोष्टी येणार आहेत. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे या धरणाच्या बुडीत क्षेत्रात आली. आमच्या वसाहतीतील लोक त्यांपैकी तीन गावांतून, वेगवेगळ्या वर्षी येथे आले आणि अजूनही एकमेकांना "वरच्या गावचे", "खालच्या गावचे" असेच ओळखतात.

मागच्या महिन्यात शेताच्या हद्दीवरून शेजारच्या गावाशी वाद झाला. ज्या वनजमिनीवर ही वसाहत बसवली, ती पूर्वी शेजारचे आदिवासीच कसत होते, त्यामुळे हा वाद जुना आहे आणि दोन्हीकडची माणसे सारखीच गरीब आहेत. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी लिंबाखाली बसून एका आजोबांना अगदी साधा प्रश्न विचारला, "बाबा, तुमचा गट नंबर कोणता?" आजोबांनी उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या मागे बसलेल्या दहा-बारा जणांच्या मानाही माझ्याकडेच वळल्या. गट नंबर मलाही पाठ नव्हता. तो माझ्या पिशवीतल्या फायलीत होता, आणि मी तो काढून वाचून दाखवला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चार वर्षे मी अर्ज लिहिले, तलाठ्यांकडे फेऱ्या मारल्या, रेशन कार्डे दुरुस्त करून घेतली, आणि या सगळ्यात लोकांचे कागद त्यांच्या घरातून निघून माझ्या कपाटात आले. उद्या आमच्या संस्थेचा निधी थांबला तर ही माणसे चार वर्षांपूर्वी होती त्यापेक्षा अधिक उघड्यावर पडतील, अशी मला खरोखर भीती वाटते.

आम्ही नमुन्याप्रमाणे अकरा जणांची "संरक्षण समिती" केली होती. इतिवृत्ताची वही, शिक्का, सगळे होते. तीन बैठका झाल्या आणि समिती संपली. दिवाळीनंतर निम्मी घरे ऊसतोडीला आणि कापूस वेचणीला गुजरातेत जातात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, आणि एका विधवा बाईविषयी वाईट कुजबुज सुरू झाली आहे. यांपैकी एकही गोष्ट समितीच्या वहीत आली नाही. लोकांनी स्वतःचे संरक्षण स्वतः बळकट करावे असे प्रशिक्षणात आम्ही शिकतो, पण त्याची सुरुवात नेमकी कोठून करावी? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ : कोयनाकाठ, सातारा जिल्हा

ताई, मी कोयना धरणग्रस्तांच्या तिसऱ्या पिढीतला आहे. आमच्या आजोबांची गावे १९६० च्या दशकात पाण्याखाली गेली, आणि जमिनीच्या मागण्या मान्य करून घेण्यासाठी आमच्या लोकांना २०१८ मध्येही कोयनानगरला ठिय्या देऊन बसावे लागले. म्हणून एकच गोष्ट अधिकाराने सांगतो : कागद आधी परत करा.

कागद परत करणे म्हणजे केवळ फाईल हातात देणे नव्हे. प्रत्येक कुटुंबासोबत बसून संकलन रजिस्टरातील, म्हणजे प्रकल्पग्रस्तांच्या सरकारी नोंदवहीतील, त्यांची नोंद मोठ्याने वाचावी लागते : बुडालेले क्षेत्र किती, खातेदार कोण, कुटुंबात कोणाची नावे धरली आणि कोणाची गाळली, मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग दोनची आहे म्हणजे ती विकण्यावर कोणते बंधन आहे. आमच्याकडे ज्या घरातल्या सुनेला ही नोंद तोंडपाठ होती, त्या घराला कोणी फसवू शकले नाही. ज्या घरांचे कागद "भाऊंकडे" होते, त्यांतील काहींच्या जमिनी कोऱ्या कागदावर अंगठे घेऊन गेल्या. ते भाऊ वाईट नव्हते, एवढेच की एक दिवस ते राहिले नाहीत.

उत्तर २ : निवृत्त शिक्षक, धडगाव

आपण ज्या रात्री झोपू शकला नाहीत, त्या रात्रीचा प्रश्न योग्य आहे. माझे म्हणणे थोडे लांब होईल, त्याबद्दल क्षमा असावी.

"संरक्षण समिती" हा शब्द लोकांना परका वाटतो. आपल्या भागात शेताची राखण असते. पीक तयार झाले की माळ्यावर कोणी झोपायचे, कोणत्या रात्री कोणाची पाळी, रानडुक्कर आले तर हाक कोणत्या बाजूला द्यायची, हे ठरवण्यासाठी कोणी वही ठेवत नाही. नर्मदाकाठच्या गावांत घर शाकारायला किंवा शेत नांगरायला सगळा पाडा एकमेकांच्या कामाला जातो, त्याला लाह म्हणतात. विस्थापनाने घर आणि जमीन गेलीच, पण त्याहून खोल नुकसान या बांधणीचे झाले. बुडीत क्षेत्रातल्या मणिबेली गावाचेच पाहा. काही कुटुंबे गुजरातेत परवेटा वसाहतीत गेली, काही महाराष्ट्रातील वसाहतींत, आणि काही मूळ गावाच्या वरच्या डोंगरावरच राहिली. ज्याच्या हाकेला धावून यायचे तो भाऊबंद आता दुसऱ्या राज्यात आहे. म्हणून "तुमच्याकडे संरक्षणाची काय व्यवस्था आहे?" असे विचारले तर लोक "काही नाही" असे सांगतात, आणि ते अर्धेच खरे असते.

दुसऱ्या प्रकारे विचारून पाहा. "मागच्या पावसाळ्यात रात्री बाळंतीण अडली तेव्हा आधी कोणाला उठवले?" "पोलीस आले तेव्हा कोण पुढे गेले?" "उचल देणारा मुकादम चांगला की वाईट हे कोणाला विचारून ठरवता?" या प्रश्नांना नावे मिळतात. ती नावे आपल्या अकरा जणांच्या यादीत बहुधा नसतील. तीच खरी समिती आहे, आणि तिला शिक्क्याची गरज नाही.

आता एक प्रसंग सांगतो. अघोषित कुटुंबांचा प्रश्न ऐरणीवर होता, म्हणजे ज्यांची घरे-शेते बुडत होती पण सरकारी यादीत ज्यांना प्रकल्पग्रस्त म्हणून घोषितच केले नव्हते, त्यांचा. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याप्रमाणे चौथ्या हिश्शाहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर सिंचित जमीन द्यायची होती, आणि सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब धरायचे होते. पण यादीतच नाव नसेल तर निवाडा काय कामाचा? तेव्हा एका पाड्यावर एका म्हाताऱ्या बाईने सारवलेल्या जमिनीवर ज्वारीचे दाणे मांडून पाडा उभा केला. एक दाणा म्हणजे एक घर, चिंचोका म्हणजे विहीर, काडी म्हणजे ओढा. दाणे मांडताना ती प्रत्येक घराचे नाव घेत होती आणि मध्येच थांबून म्हणाली, "हे घर राहिले, हा दोन पावसाळे गुजरातेत होता." सर्वेक्षण झाले तेव्हा तो माणूस घरी नव्हता, आणि म्हणून तो सरकारच्या लेखी नव्हताच. आम्ही शिकलेली मंडळी तीन दिवस याद्या तपासत होतो, पण ते घर आम्हाला सापडले नव्हते. दाण्यांचा तो नकाशा मुलांनी कागदावर उतरवला, गावसभेत वाचला, आणि पुढच्या पडताळणीत गावानेच तो पुढे केला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे सुरू झालेल्या, नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळांचा मोठा उपयोग मला येथेच दिसला : अक्षर लिहिणारे हात गावातच तयार झाले आणि अर्ज लिहिण्यासाठी बाहेरच्या माणसाची वाट पाहावी लागली नाही.

तेव्हा ताई, पुढचा अर्ज आपण लिहू नका. लिहिता येणाऱ्या मुलीला बसवा, दोन चुका होऊ द्या, अर्ज परत आला तर तिलाच पुन्हा पाठवा. आपण सोबत जा, पण टेबलापासून चार पावले मागे उभ्या राहा. अधिकारी आपल्याशी बोलू लागले, तर उत्तर तिने द्यावे. हे फार हळू चालते आणि निधी देणाऱ्यांच्या अहवालात ते दाखवता येत नाही, हे मला ठाऊक आहे.

तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. अशा आदिवासी क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याप्रमाणे आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे वस्तीची किंवा पाड्याची वेगळी ग्रामसभा होऊ शकते. वसाहतीची स्वतःची ग्रामसभा असेल तर आपली समिती हवीच कशाला?

उत्तर ३ : वकील, नंदुरबार

गुरुजींच्या म्हणण्याशी मी बरीचशी सहमत आहे, पण एका ठिकाणी थांबवावेसे वाटते. ताईंनी एका विधवा बाईविषयीच्या कुजबुजीचा उल्लेख केला आहे आणि वरच्या दोन्ही उत्तरांत तो मागे राहून गेला.

सातपुड्यात ही कुजबुज कोठे जाऊ शकते हे आपण सगळे जाणतो. मूल आजारी पडले, बैल मेला, की बोट एखाद्या एकट्या बाईकडे वळते आणि तिला डाकीण ठरवले जाते. पुष्कळदा त्या बोटामागे तिची जमीन असते. अशा वेळी ज्यांना आपण "गावाची खरी समिती" म्हणतो, तेच पंच निवाडा करायला बसलेले असतात. ज्या बांधणीने गावाला बाहेरच्यांपासून वाचवले, तिच्यापासूनच या बाईला वाचवायचे असते. त्यामुळे लोकांची जुनी व्यवस्था शोधा हे खरे, पण त्या व्यवस्थेत कोणाला बोलता येत नाही हेही त्याच वेळी शोधावे लागते.

माझ्या अनुभवात कायद्याचे भाषण उपयोगी पडले नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे आणि गुन्हा नोंदवता येतो, नोंदवलाही पाहिजे. परंतु गुन्हा नोंदवून झाल्यावर त्या बाईला त्याच पाड्यात राहायचे असते. एका प्रकरणात शेवटी उपयोगी पडल्या त्या पाणी भरायला सोबत जाणाऱ्या चार बायका. त्यांनी ठरवले की काही दिवस ती एकटी विहिरीवर जाणार नाही आणि रात्री दोघी तिच्या ओसरीवर झोपतील. मूल आजारी होते, त्याला त्यांनीच दवाखान्यात नेले. मूल बरे झाले आणि कुजबुज हळूहळू विरली. त्या बायकांना कोणी प्रशिक्षण दिले नव्हते. आम्ही एवढेच केले की पोलीस ठाण्याचा क्रमांक आणि माझा क्रमांक त्यांच्याकडे ठेवला, आणि त्यांनी हाक दिली तर त्याच रात्री पोहोचण्याचा शब्द दिला. ताई, आपल्या वसाहतीत हे काम उद्याच सुरू करा, कागदांच्याही आधी, आणि त्या बाईला विचारल्याशिवाय तिच्याविषयी कोणतीही बैठक बोलावू नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. वकीलताईंचे वाचून मी दुसऱ्याच दिवशी त्या बाईंकडे गेले. तिच्या शेजारच्या दोघी आधीपासूनच तिच्याकडे झोपायला जात होत्या, आणि हे मला चार वर्षांत कळलेले नव्हते. मी त्यांना फक्त क्रमांक दिले.

गुरुजी, ग्रामसभेविषयी एक अडचण आहे. तीन गावांचे लोक एकत्र बसले की "खालच्या गावचे" गप्प बसतात. आणि शेजारच्या गावाशी असलेल्या हद्दीच्या वादाचे काय करावे?

उत्तर ४ : निवृत्त शिक्षक, धडगाव

आधी तीन गावांच्या तीन वेगळ्या बैठका होऊ द्या, ज्याच्या त्याच्या ओट्यावर. एकत्र बसण्याची घाई आपल्याला असते, त्यांना नाही. मोठी बैठक होळीच्या आसपास ठेवा. ऊसतोडीला आणि कापसाला गेलेली घरे होळीसाठी परततात, काठी गावच्या होळीला आणि भोंगऱ्याच्या बाजाराला सगळे जण भेटतात, आणि मुकादमाने कोणाला कसे वागवले याच्या ताज्या हकिकती तेव्हाच कानी येतात. कोणत्या मुकादमाकडे पुन्हा जायचे नाही हे तेथेच ठरले, तर ती राखणच झाली.

हद्दीच्या वादात शेजारच्या गावाला विरोधी पक्ष समजू नका. ती माणसे तुमच्या आधी ते रान कसत होती आणि त्यांच्यापैकी अनेकांचे वनहक्काचे दावे असतील. २००६ च्या वनहक्क कायद्यात, १३ डिसेंबर २००५ पूर्वी पुनर्वसनाचा हक्क न देता वनजमिनीवरून बेकायदा हटवलेल्या आदिवासींसाठीही तरतूद आहे, ती वकीलताईंकडून समजून घ्या आणि शक्य झाले तर दोन्ही गावांना एकाच दिवशी समजावून द्या. दोघांचाही कागद ज्या कार्यालयात अडकला आहे तेथे दोघांनी मिळून जावे. माझ्या पाहण्यात एकदा तसे झाले आहे, आणि त्या वर्षी बांधावरून एकही भांडण पोलिसांत गेले नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

कागद परत करायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत सतरा घरे झाली. एका आजींनी मात्र पिशवी घ्यायला नकार दिला. त्या म्हणाल्या, "तुझ्याकडेच राहू दे पोरी, माझे घर गळते." मला काय बोलावे ते सुचले नाही. तेव्हा त्यांच्या नातीने पिशवी घेतली, प्लॅस्टिकच्या दोन कागदांत गुंडाळली आणि धान्याच्या कणगीत, ज्वारीच्या खाली ठेवली. मग तिने आजींकडून गट नंबर दोनदा म्हणवून घेतला. तिसऱ्या वेळी आजींनी तो स्वतःहून सांगितला, शेवटचा आकडा चुकला, नातीने दुरुस्त केला.

घरे गळतात ही गोष्ट माझ्या कोणत्याच अहवालात नव्हती. नागरी सुविधांच्या मागणीत घरांच्या दुरुस्तीचा विषय कोणी लावून धरला असेल, तर तो अर्ज कसा लिहिला होता ते कृपया कळवावे. येथे तो अर्ज ही नात लिहिणार आहे.