घरच्या पूल टेबलसाठी बॉलचा चांगला सेट कोणता घ्यावा?

द्राक्षबाग_नाशिक

मंडळी नमस्कार, जरा मार्गदर्शन हवंय. आमच्याकडचं एक पूल पार्लर बंद झालं तिथून आठ फुटी टेबल घेतलं, स्लेटचं आहे, खालच्या हॉलमध्ये बसवलं, लेव्हल करून घेतलं, कापड नवीन घातलं, सगळं मनासारखं झालं पण बॉल त्या पार्लरचेच आलेत आणि तेच आता खटकतायत. ११ नंबरचा टवका उडालाय, ८ नंबर दुसऱ्याच कुठल्या सेटमधला दिसतो, व्हाइट (ज्याला काठीने मारायचं तो पांढरा बॉल) पिवळा पडलाय. त्रिकोणात कितीही घट्ट रॅक लावला तरी मधे कुठेतरी फट राहतेच, मग ब्रेक मारला की पुढचे चार-पाच बॉल हलतात आणि मागचे तिथेच बसून राहतात. अजून एक, स्क्रू (खालून फटका) मारला की व्हाइट भसकन मागे येतो, पण फॉलो (वरून फटका) मारला तर पुढे जातच नाही, मला वाटलं माझाच हात चुकतोय.

खेळणारे आम्ही तिघं, मी, माझी १३ वर्षांची मुलगी (नुकतीच शिकतेय, फार मन लावून) आणि बाबा, ते ७१ चे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरुणपणी बिलियर्ड्स खेळलेत.

दुकानदाराने दोन सेट दाखवले, एक साडेचार हजाराचा आणि एक बेल्जियमचा, तो जवळजवळ चौपट. काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच चमकतात, मला तरी फरक कळला नाही. तर चौपट पैसे कशाचे? आणि घेताना नक्की बघायचं काय?

जुना_मार्कर

पुण्यात एका क्लबात तीस वर्षं मार्कर (टेबल सांभाळणारा, गुण मोजणारा) होतो, बिलियर्ड्स, स्नूकर, पूल सगळ्याचे बॉल रोज हाताखालून गेलेत. तुझे वडील माझ्याच वयाचे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको.

चमक बघून काही कळत नाही, नवीन असताना सगळेच चमकतात. फरक मालाचा आहे. स्वस्त सेट बहुतेक पॉलिएस्टरचे असतात, चांगले बॉल फिनॉलिक रेझिनचे. फिनॉलिक कडक असतं, घासलं तरी पटकन चरे पडत नाहीत आणि उष्णता सोसतं. उष्णता कशाला मधे आली म्हणशील, तर ब्रेक मारतो तेव्हा व्हाइट पहिल्या क्षणी कापडावर नुसता घसरत जातो, लोळत नाही, आणि त्या घासण्याने तेवढ्या जागेपुरती भयंकर उष्णता तयार होते. टेबलावर ब्रेकच्या जागी पांढरे ठिपके आणि रेघा दिसतात ना, ते खडूचे डाग नव्हेत, कापड भाजल्याच्या खुणा आहेत. पॉलिएस्टरच्या बॉलची चमक त्या उष्णतेने लवकर जाते, मग तो खरखरीत होतो, आणि खरखरीत बॉल कापड अजून घासतो. तू नवीन कापड घातलंयस म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

पण पैसे देण्याआधी घरी जाऊन माप घे. अमेरिकन पूलचा बॉल सव्वादोन इंची, म्हणजे ५७.१५ मिमी. बाजारात दोन इंची बॉलही मिळतात, लहान टेबलांसाठी, आणि स्नूकरचे ५२.५ मिमीचे. व्हर्नियर नसेल तर चार बॉल एका ओळीत चिकटवून ठेव, दोन्ही टोकांना जाड पुस्तकं उभी कर आणि पुस्तकांमधलं अंतर मोज. साधारण २२.९ सेंमी भरलं तर सव्वादोन इंची, २०.३ भरलं तर दोन इंची. आणि ओळखीच्या सराफाकडे जाऊन सोळाच्या सोळा बॉल वजन करून आण, प्रत्येक वेगळा, कागदावर लिहून. मग आपण बोलू.

ठाण्याची_श्रुती

मार्करकाका म्हणतायत ते मी पैसे घालवून शिकलेय. आम्ही सोसायटीच्या क्लबहाउससाठी आधी स्वस्त सेट घेतला, मीच कमिटीत आग्रह धरला होता की मुलंच खेळणार आहेत, महाग कशाला. दुसरा पावसाळा येईपर्यंत व्हाइटवर छोटे खड्डे पडले होते, स्ट्राइपच्या (पट्ट्याच्या) बॉलच्या पांढऱ्या भागात खडूचा निळा रंग असा बसला की पुसून जाईना, आणि नंतर एकेक बॉल हरवला-फुटला की सुटा आणून टाकायचो त्यामुळे सेट असा राहिलाच नाही. शेवटी फिनॉलिकचा घेतला, त्याला आता पाच वर्षं होतील आणि रोज संध्याकाळी सात ते दहा टेबल चालू असतं, एकही टवका नाही.

दादा, तुमच्या बाबांसाठी एक गोष्ट, रंग नक्की बघून घ्या. नेहमीच्या सेटमध्ये ४ नंबर जांभळा असतो आणि ७ तपकिरी-लाल, आणि दिवा जरा मंद असला की ४ म्हणजे ८ आणि ७ म्हणजे ३ वाटतो. आमच्याकडे एक आजोबा खेळायचे त्यांचा दर वेळी ४ आणि ८ मधे घोटाळा व्हायचा आणि मग ते खेळायलाच यायचे बंद झाले, मला फार वाईट वाटलं होतं. टीव्हीवरच्या सामन्यांसाठी म्हणून जे सेट निघाले त्यांत ४ नंबर गुलाबी असतो आणि ७ फिकट तपकिरी, तो प्रकार कॅमेऱ्यासाठी केला असला तरी वयस्कर डोळ्यांना फार सोयीचा पडतो. अरामिथ या ब्रँडच्या प्रो कप टीव्ही सेटमध्ये तसे रंग आहेत.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय, माझ्या बेसमेंटमध्ये टेबल आहे, बॉल सेंटेनियल, डब्यावर नाव ब्रन्सविकचं असलं तरी बनतात बेल्जियमच्या सालुक कंपनीतच. अरामिथ पण त्यांचंच. जगातले बहुतेक चांगले बॉल त्या एका कारखान्यातून येतात असं म्हटलं तरी चालेल.

ऑनलाइन घेणार असाल तर वजनावरून पटकन चाळणी लावता येते. नियमाप्रमाणे एक बॉल साडेपाच ते सहा औंस म्हणजे १५६ ते १७० ग्रॅम हवा. सोळा बॉल म्हणजे अडीच किलोपासून २.७२ किलोपर्यंत, वर खोक्याचं वजन वेगळं. कुणी सव्वादोन इंची म्हणून विकतोय आणि पार्सलचं वजन दोन किलो लिहिलंय तर सरळ पुढे जा, एक तर बॉल लहान आहेत नाहीतर माल हलका आहे. याच्या उलट मात्र धरू नका, वजन बरोबर भरलं म्हणजे फिनॉलिकच असं नाही, पॉलिएस्टरमध्ये भर घालून वजन जुळवता येतं. आणि वर्णनात नुसतं रेझिन लिहिलं असेल तर विक्रेत्याला फिनॉलिक का म्हणून लेखी विचारा, कारण पॉलिएस्टर पण रेझिनच आहे.

पार्लरचं टेबल म्हणताय, ते नाणं टाकून खेळायचं होतं का? तसल्या टेबलात व्हाइट पॉकेटमध्ये गेला तर तो वेगळा करून परत द्यावा लागतो, म्हणून काही टेबलांत मोठा किंवा जड व्हाइट असतो, काहींत आत लोहचुंबकाला ओढला जाईल असं काहीतरी घातलेलं असतं. तसं असेल तर नवीन व्हाइट त्यातून परत येईल का ते आधी बघायला लागेल.

बाकी हे फिनॉलिक म्हणजे बेकेलाइटच्या घराण्यातलंच. आधी बॉल हस्तिदंताचे असत, एका दातातून मोजकेच निघायचे, हत्ती किती मेले असतील त्यापायी, मग १८६० च्या दशकात अमेरिकेत पर्यायासाठी १० हजार डॉलरचं बक्षीस लावलं गेलं, जॉन वेस्ली हायटने सेल्युलॉइडचे बॉल केले, आणि १९०७ मध्ये बेकलंडने बेकेलाइट शोधलं तेव्हा कुठे टिकाऊ माल मिळाला. तो बेकलंड जन्माने बेल्जियमच्याच गेंट शहरातला. मला ही साखळी फार आवडते म्हणून लिहिली.

द्राक्षबाग_नाशिक

सगळ्यांचे आभार. नाण्याचं टेबल नाही, साधं आहे, जाळीचे पॉकेट. चार बॉलचं माप २२.८ आलं म्हणजे सव्वादोन इंचीच. सराफाकडे गेलो, त्यांनी प्रेमाने सगळे मोजून दिले, व्हर्नियर पण लावला. पंधरापैकी तेरा बॉल १६१ ते १६४ ग्रॅममध्ये आहेत. ११ नंबर १५७. ८ नंबर १६९. आणि व्हाइट १४९ ग्रॅम, व्यास ५६.३ मिमी!

जुना_मार्कर

बघ, तुझा हात चुकत नव्हता. व्हाइट हलका असला की समोरच्या जड बॉलवर आदळून उलट उसळतो, वरून बॅक स्पिन असेल तर भसकन मागे येणारच. फॉलोला नेमकं उलट, पुढे जायची फिरकी असते पण टकरीतच तो मागे ढकलला जातो त्यामुळे दम संपतो. जड व्हाइटवर खेळलास तर स्टॉप शॉटला (व्हाइट जागीच थांबवायच्या फटक्याला) पण तो दोन बोटं पुढे सरकतो आणि स्क्रू येता येत नाही. मुलगी शिकतेय ना, मग हे सगळ्यात आधी बदल, कारण १४ ग्रॅम हलक्या व्हाइटवर तिचा हात बसला तर पुढे कुठल्याही चांगल्या टेबलावर तिला सगळं नव्याने शिकावं लागेल.

व्हाइट इतर बॉलपेक्षा लवकर झिजतोच, प्रत्येक शॉटला तोच मार खातो. पण नुसती झीज असती तर ५६.३ व्यासाला १५५-१५६ ग्रॅम तरी भरायला हवे होते. १४९ म्हणजे तो दुसऱ्याच मालाचा आहे, कुणीतरी सुटा आणून टाकलाय.

आणि तुझ्या रॅकमधली फट पण यातच आहे. ८ नंबर रॅकच्या मधोमध असतो, त्याला सहा बॉल चिकटतात, तोच जरा मोठा असला तर सगळं गणित बिघडतं. म्हणून मी नेहमी सांगतो, भारी बॉल घेण्यापेक्षा सोळा सारखे बॉल घ्यायचे. भारी सेटमध्ये तू पैसे देतोस ते या सारखेपणाचे. अरामिथमध्ये प्रीमियर घेतलास तरी घराला पुष्कळ आहे, सुपर अरामिथ प्रो किंवा टूर्नामेंटपर्यंत जायचं ते रोज तासन् तास खेळणाऱ्याने.

सेट आला की दुकानातच किंवा खोकं उघडल्या दिवशी तपास. रॅक लाव आणि वरून बॅटरी मारून फटी बघ. मग एकेक बॉल अगदी हळू, टेबलाच्या लांबीला, स्वतःच थांबेल एवढ्याच जोरात सोड. सगळेच एका बाजूला वळले तर टेबल तिरकं आहे. एकच वळला तर तो बॉल उचल, नंबरची बाजू फिरवून दोन-तीनदा सोड, दर वेळी वेगळीकडे गेला तर त्याचा तोल मधोमध नाही, परत करायचा.

ठाण्याची_श्रुती

आणि मुलीसाठी लाल ठिपक्यांचा क्यू बॉल (म्हणजे व्हाइटच) घ्या, प्रो कपचा, तो सुटा पण मिळतो. सहा ठिपके असतात, त्यामुळे स्पिन किती लागला, बॉल घसरतोय की लोळतोय ते डोळ्यांना दिसतं. आमच्याकडची मुलं त्याने महिनाभरात साइड (बाजूची फिरकी) मारायला शिकली. फक्त सेटच्याच कंपनीचा घ्या आणि वजन ताडून घ्या.

द्राक्षबाग_नाशिक

अपडेट देतोय, जरा उशीर झाला, बागेत छाटणी चालू होती. गुलाबी ४ नंबरवाला टीव्ही सेटच घेतला, बजेटच्या वर गेला पण बाबांनी दुकानात ४ आणि ८ हातात धरून बघितले आणि म्हणाले हाच, मग विषय संपला. ठिपक्यांचा क्यू बॉल त्यातच आला. सगळे बॉल दोन ग्रॅमच्या आत आहेत, रॅकमध्ये फट नाही. आवाजच वेगळा येतो, खणखणीत. पहिल्या ब्रेकला बॉल असे फुटले की एक उडून फरशीवर गेला, नशिबाने खाली सतरंजी होती.

आता स्वच्छ कसे ठेवायचे? दुकानदार म्हणाला भांडी घासायच्या साबणाने धुवा. आणि जुन्या बॉलचं काय करू?

जुना_मार्कर

कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, मऊ कपडा, पुसून लगेच कोरडे, बस. घासणी लावायची नाही, ब्लीच नाही, थिनर नाही, भांडी धुवायच्या मशीनमध्ये तर अजिबात नाही. रोज खेळत असाल तर आठवड्याने एकदा. मळका बॉल दुसऱ्याला आदळताना चिकटल्यासारखा घासतो, मग बॉल नेमका लागूनही पॉकेटच्या कडेला बसतो आणि कळत नाही काय चुकलं. खडूत सिलिका आणि अॅल्युमिनियम ऑक्साइड असतं, पॉलिश पेपरवर असतं तसलाच प्रकार, तो कापडात साठला की नवे बॉल पण त्यावर घासत बसतात. म्हणून बॉल पुसशील त्या दिवशी कापडाला पण ब्रश मार, आणि मुलीला सांग खडू टेबलावर हात धरून लावायचा नाही, बाजूला होऊन लावायचा. उन्हात बॉल वाळत ठेवू नको, व्हाइट पिवळा पडतो. पावसाळ्यात कापड दमट होऊन मंद चालेल तेव्हा बॉलला दोष देऊ नका.

जुन्यातला व्हाइट, ८ आणि ११ बाजूला काढ. उरलेले तेरा एका मापाचे आहेत, ते ठेव, मुलीला सरळ पॉट मारायचा सराव करायला टेबलभर पसरून दे. व्हाइट मात्र नवाच वापरायचा.

द्राक्षबाग_नाशिक

हो काका. बाबा विचारतायत पुण्यात कुठल्या क्लबात होतात, ते ७८-७९ च्या सुमारास तिकडे शिकायला होते आणि डेक्कनच्या बाजूला खेळायला जायचे. त्यांना तुमच्याशी बोलायचंय, मेसेज करतो.