मदत हवी आहे: रिपब्लिकन करबिलातले गट, तक्ता जुळत नाहीये

तिरकीट
अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींचे करांवरून गट कसे पडतात याचा तक्ता करतेय. चार रकाने आहेत: सप्लाय-सायडर (दर उतरवा, बाकी आपोआप होईल), तूटवाले (सरकारची तूट आणि कर्ज आधी आवरा), कुटुंबवाले (मुलंबाळं असलेल्यांना सवलत द्या) आणि पॉप्युलिस्ट (सामान्य माणसाच्या नावाने बोलणारे). ट्रम्पच्या करकपातीच्या बिलाला विरोध करणारे रिपब्लिकन रकान्यांत टाकायला घेतले तर सगळा घोळ. रँड पॉल आणि टिलिस हे सिनेटर एकाच ठिकाणी येतायत. हाउसमधले (कनिष्ठ सभागृहातले) मॅसी आणि फिट्झपॅट्रिक यांचंही तेच. डेव्हिडसन एका यादीत विरोधात, दुसरीत बाजूने. यादीच चुकलीय का? उद्या दुपारपर्यंत द्यायचंय. कृपया "आधी इतिहास वाचा" म्हणू नका.

पाऊणमीटर
कुठलं बिल? २०१७ चं की २०२५ चं?

तिरकीट
२०२५ चंच. नावं दिलीयत की!

खडूस काका
आधी इतिहास वाचा. (हलके घ्या.) १९८६ साली करविरोधी संघटना चालवणाऱ्या ग्रोव्हर नॉर्क्विस्टने उमेदवारांनी सही करायचं शपथपत्र काढलं, तिथून सगळं सुरू होतं. त्यात दोनच कलमं आहेत: प्राप्तिकराचा कुठलाही दर वाढवायला विरोध, आणि वजावटी किंवा सवलती काढल्या तर तेवढेच दर उतरवल्याशिवाय त्याला मान्यता नाही. थोरल्या बुशने १९८८ मध्ये "नवे कर नाहीत" म्हणून मतं मागितली आणि १९९० च्या तडजोडीत वरचा दर २८ चा ३१ टक्के केला. हाउसमधला रिपब्लिकन नेता गिंग्रिच तेव्हा स्वतःच्याच राष्ट्राध्यक्षावर उलटला. त्यानंतर दरवाढीला मत देणं म्हणजे पक्षात राजकीय आत्महत्या.

तिरकीट
काका, हे सगळं ठाऊक आहे. माझा तक्ता का जुळत नाहीये ते सांगा.

हिशेबी मांजर
यादी चुकलेली नाही, तुम्ही दोन याद्या एकत्र केल्यात. हाउसमध्ये एच.आर. १ वर (हा तुमच्या बिलाचा क्रमांक) दोनदा मतदान झालं. २२ मे ला, रोल कॉल १४५, निकाल २१५ विरुद्ध २१४. मग सिनेटने बिल बदललं, १ जुलैला ५०-५० झालं आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्सच्या मताने सुटलं. बदललेलं बिल ३ जुलैला पुन्हा हाउसमध्ये, रोल कॉल १९०, २१८ विरुद्ध २१४.

मे मध्ये विरोधात: मॅसी आणि डेव्हिडसन. अँडी हॅरिसने "उपस्थित" एवढंच नोंदवलं.
जुलैमध्ये विरोधात: मॅसी आणि फिट्झपॅट्रिक. डेव्हिडसन आणि हॅरिस दोघेही बाजूने.
सिनेट: पॉल, टिलिस, कॉलिन्स.

म्हणजे फिट्झपॅट्रिक मे मध्ये "हो" होता आणि डेव्हिडसन "नाही". जुलैत नेमकं उलट. एकाच रकान्यात दोघांना बसवाल तर कसं जुळणार?

तिरकीट
बरं, हे कळलं. पण सिनेटमध्ये एकच मतदान, तरी पॉल आणि टिलिस एकत्र?

हिशेबी मांजर
कारण "नाही" हे मत आहे, कारण नव्हे. पॉलचा आक्षेप कर्जमर्यादा ५ ट्रिलियन डॉलरने वाढवण्यावर. बिलातून ती काढली असती तर त्याचं मत मिळण्याची शक्यता होती. टिलिसला करकपातीचं काही वावडं नव्हतं, तो अडला मेडिकेडवर (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा). नॉर्थ कॅरोलायनाने मेडिकेडचा विस्तार २०२३ च्या डिसेंबरात केला, आणि सिनेटच्या मसुद्यात विस्तार केलेल्या राज्यांचा प्रोव्हायडर टॅक्स ६ वरून टप्प्याटप्प्याने ३.५ टक्क्यांवर आणायचं ठरलं. राज्यं हॉस्पिटलांवर हा कर लावतात आणि तोच पैसा मेडिकेडमध्ये आपला वाटा म्हणून दाखवून केंद्राचं अनुदान ओढतात. तो आवळला की राज्याच्या तिजोरीला भोक. कॉलिन्सचा रोखही मेडिकेडवर होता आणि फिट्झपॅट्रिकचा सिनेटने केलेल्या बदलांवर.

एक म्हणतो खर्च पुरेसा कापला नाही, दुसरा म्हणतो फार कापला. बोर्डावर दोघांपुढे "नाही".

एडिसनकर
सॉल्टवाल्यांना रकानाच नाही तुमच्याकडे! सॉल्ट म्हणजे राज्याचे आणि स्थानिक कर; ते केंद्राच्या करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची मर्यादा २०१७ मध्ये १०,००० डॉलर केली. न्यू जर्सीत बऱ्याच घरांचा नुसता प्रॉपर्टी टॅक्सच त्याच्या वर जातो. आताच्या बिलात २०२५ साठी ४०,०००, पुढे दरसाल १ टक्का वाढ, आणि २०३० मध्ये परत १०,०००. उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं की वरच्या रकमेच्या ३० टक्के मर्यादा घटते, ६ लाखांना पुन्हा १०,००० वर येते. लॉलर, लालोटा, यंग किम, हाउसमधली न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियाची ही सगळी मंडळी यावर अडून बसली होती. हा वैचारिक गट नाही, पिनकोडचा गट आहे.

पाऊणमीटर
+१. २०१७ ची यादी शेजारी ठेवा. अखेरच्या मतदानात हाउसमधले १२ रिपब्लिकन विरोधात. त्यातले ११ न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाचे. बारावा नॉर्थ कॅरोलायनाचा वॉल्टर जोन्स, त्याचा आक्षेप कर्जावर. विचारसरणी शोधायला गेलात तर बारातून एक हाती लागतो.

लोणी काळभोर
एवढं करण्यापेक्षा फेअरटॅक्स आणावा. इन्कम टॅक्स, पेरोल टॅक्स (पगारावरचा) सगळं रद्द, २३ टक्के विक्रीकर, आयआरएस (केंद्राचं करखातं) बंद. सगळे गट एका झटक्यात एकत्र येतील.

हिशेबी मांजर
२३ नाही, ३०. शंभर डॉलरची वस्तू दुकानातून बाहेर पडताना १३० ला पडते. ३० भागिले १३० केलं की २३ येतात, जाहिरातीत तेवढेच सांगतात. आणि एकत्र कसले येतात? मॅकार्थी हाउसचा सभापती असताना, २०२३ मध्ये, यावर मतदान घ्यायची गोष्ट निघाली तेव्हा नॉर्क्विस्टनेच विरोध केला.

निरुपयोगी माहिती
ज्यांचे नातेवाईक तिकडून पैसे पाठवतात त्यांच्यासाठी: याच बिलात रेमिटन्स टॅक्स आहे. हाउसच्या पहिल्या मसुद्यात ५ टक्के होता, मंजूर झाला तेव्हा ३.५, शेवटी १. तोही रोख, मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेकने पाठवलं तरच. अमेरिकन बँकेच्या खात्यातून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवलं तर लागत नाही. १ जानेवारी २०२६ पासून.

तिरकीट
हे कोणी विचारलं होतं?

एडिसनकर
मला मात्र उपयोग झाला. धन्यवाद.

खडूस काका
मूळ मुद्द्याकडे या. करकपात स्वतःची भरपाई स्वतः करते. कॉर्पोरेट दर ३५ चा २१ केला तेव्हा ओरड झाली. वसुली २०१७ च्या आर्थिक वर्षात २९७ अब्ज होती, २०२२ मध्ये ४२५ अब्ज. बोला.

हिशेबी मांजर
मधलं वर्ष का गाळलंत? २०१८ मध्ये २०५ अब्जांवर आपटली. पुढची उडी कोविडनंतरचे नफे आणि महागाई यांची आहे. कॅन्सस बघा. गव्हर्नर ब्राउनबॅकने २०१२ मध्ये वरचा दर ६.४५ वरून ४.९ टक्क्यांवर आणला आणि पास-थ्रू धंद्यांचं (ज्यांचा नफा थेट मालकाच्या उत्पन्नात धरतात) उत्पन्न पूर्ण करमुक्त केलं. नोकरीचा पगार करपात्र आणि तेच काम एलएलसीमार्फत (स्वतःची छोटी कंपनी) केलं तर शून्य, मग लोक एलएलसीच काढणार. राज्याला केंद्रासारखी तूट ठेवता येत नाही, म्हणून रस्त्यांच्या निधीत हात घालावा लागला. २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्याच विधिमंडळाने व्हेटो मोडून ते रद्द केलं.

खडूस काका
कॅन्ससने खर्च कापला नाही. दोष करकपातीचा नाही.

पाऊणमीटर
तुम्हा दोघांचं हे भांडण म्हणजेच धागाकर्तीचा पहिला आणि दुसरा रकाना आहे. आता तिसऱ्याकडे चला. कुटुंबवाले "नाही" च्या यादीत सापडणारच नाहीत. ते दुरुस्त्यांमध्ये सापडतात. २०१७ मध्ये सिनेटर रुबिओ आणि माइक ली यांनी दुरुस्ती आणली: कॉर्पोरेट दर २० ऐवजी २०.९४ टक्के करा, त्या पैशातून चाइल्ड क्रेडिट (मुलांमागची करसवलत) कमी पगारवाल्यांनाही परताव्यात मिळू द्या. २९ विरुद्ध ७१ ने पडली. सप्लाय-सायडरांचं म्हणणं असं की क्रेडिटने पुढचा डॉलर कमवायची ओढ वाढत नाही, दर उतरवल्याने वाढते, तेव्हा पैसा दरांवर घाला. पण दोन-तीन आठवड्यांत नेतृत्वानेच कॉर्पोरेट दर २१ केला, आणि वरच्या थराचा वैयक्तिक दर ३७ वर उतरवला! ०.९४ ला जागा नव्हती, १ ला निघाली. हे तक्त्यात हवंच.

२०२५ मध्ये क्रेडिट २,२०० डॉलर झालं, परताव्याची मर्यादा १,७००. कमाई २,५०० च्या वर गेल्यावर वरच्या रकमेच्या १५ टक्क्यांनी मिळायला लागतं, म्हणजे अगदी गरीब घराला पूर्ण मिळतच नाही. सिनेटर हॉली ५,००० मागत होता, तरी त्याचं मत "हो".

तिरकीट
आणि पॉप्युलिस्ट? ते श्रीमंतांवर कर वाढवा म्हणतात ना, मग ते कॉन्झर्व्हेटिव्ह कसे?

पाऊणमीटर
२०२५ च्या मे मध्ये ट्रम्पने २५ लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर पुन्हा ३९.६ टक्के दर लावायची कल्पना सोडून पाहिली. ट्रम्पचा जुना सल्लागार बॅनन श्रीमंतांवरच्या करवाढीच्या बाजूने, नॉर्क्विस्ट कट्टर विरोधात. ट्रम्पच मग म्हणाला की बहुधा करू नये, पण केलंत तर माझी हरकत नाही. बिलात ते आलंच नाही. आलं काय तर टिप्सवर २५,००० पर्यंत वजावट, ओव्हरटाइमवर १२,५००, ज्येष्ठांना ६,०००. तिन्ही २०२८ पर्यंतच. जुन्या सप्लाय-सायडरांना असल्या ठिगळांची चीड येते, कारण १९८६ मध्ये रेगनने उलट केलं होतं: पळवाटा बुजवल्या आणि वरचा दर ५० चा २८ केला.

लोणी काळभोर
टॅरिफ (आयात शुल्क) विसरलात. तोही करच, आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो. ओरेन कासची अमेरिकन कंपास ही संस्था त्याच्या बाजूने, क्लब फॉर ग्रोथ ही करकपातवाली संघटना मुक्त व्यापाराची. एप्रिल २०२५ मध्ये कॅनडावरच्या टॅरिफविरुद्ध चार रिपब्लिकन सिनेटर गेले: पॉल, मॅकॉनेल, मर्कोव्हस्की, कॉलिन्स.

हिशेबी मांजर
आज पहिल्यांदा तुमचं पटलं.

तिरकीट, असं करा. रकाने गटांचे ठेवू नका, ओळी माणसांच्या ठेवा. प्रत्येकापुढे पाच खाने: मे चं मत, जुलैचं मत (सिनेटरांना एकच), राज्य, मागणी काय होती, मिळाली का. गट शेवटी लिहा, पेन्सिलीने. आणि तूटवाल्यांपुढे हिशेबाची मेख नोंदवा. सीबीओच्या (संसदेचं हिशेब कार्यालय) नेहमीच्या पद्धतीने बिल दहा वर्षांत तूट ३.४ ट्रिलियनने वाढवतं. सिनेटने "चालू धोरण" हा पाया धरला, म्हणजे २०१७ ची कपात संपणार आहे असं मानलंच नाही, तेव्हा ती पुढे चालू ठेवायचा खर्च शून्य. हे केलं नसतं तर बर्ड नियमामुळे (साध्या बहुमताने संमत करायच्या अर्थबिलांवरचं सिनेटचं बंधन) दहा वर्षांपुढे तूट वाढवता आली नसती आणि कपात कायमची झाली नसती.

तिरकीट
करतेय. सगळे बसले, अलास्काची मर्कोव्हस्की सोडून. मेडिकेडवर ती टिलिससारखं बोलत होती आणि मत मात्र "हो".

एडिसनकर
"मागणी मिळाली का" हा खाना भरा. अलास्काला फूड स्टॅम्पच्या (गरिबांना अन्नासाठी मदत) नव्या अटींतून सवलतीची वाट मिळाली, ग्रामीण हॉस्पिटलांचा निधी वाढला, आणि व्हेलची शिकार करणाऱ्या कप्तानांच्या खर्चाची वजावट १०,००० वरून ५०,००० झाली.

तिरकीट
व्हेल??

एडिसनकर
व्हेल. बोटीची डागडुजी, शिकारीची हत्यारं, हाताखालच्या माणसांचं जेवणखाण. कोणत्या गटात टाकता ते कळवा.